उणीव आणि भांडण : थायरॉक्सिनची गोळी आणि आपल्या प्रतिकारपेशी

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यातल्या लाकडी बाकावर मी विद्यार्थी असताना दोन उन्हाळी सुट्ट्या बसून काढल्या. नाडी कशी बघावी, पोट कसं चाचपावं हे मला महाविद्यालयानं शिकवलं. बाईंनी वेगळंच शिकवलं. पेशंट तपासून होतो, चिठ्ठी घेतो, उठतो, चपला पायांत सरकवतो आणि दाराशी जाऊन मागे वळून काहीतरी विचारतो. तोच त्याचा खरा प्रश्न. बाई तो एका वहीत लिहून ठेवायच्या आणि उत्तर येत नसेल तर रात्री पुस्तक उघडायच्या. ती सवय मी उचलली. आजचं व्याख्यान अशाच एका दाराशी विचारलेल्या प्रश्नावर आहे.

विचारणारी एक शिक्षिका. वय चाळिशीच्या आतबाहेर. दीड वर्षापूर्वी आली तेव्हा चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, दुपारच्या सत्रात वर्गात डोळे मिटायचे. टीएसएच वाढलेलं, प्रतिपिंडांची तपासणी केली तर आकडा १,३००. गोळी सुरू झाली. हळूहळू सूज उतरली, आवाज मोकळा झाला. परवा दुसरा रिपोर्ट घेऊन आली, त्यात प्रतिपिंडांचा आकडा ७०० होता. सगळं बोलून झालं आणि दाराशी थांबून तिनं विचारलं : डॉक्टर, ही गोळी माझी उणीव भरून काढते एवढंच, की आत जे भांडण चाललंय तेही मिटवते?

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी तो गेली चाळीस वर्षं विचारला आहे. त्याचं उत्तर आज आपल्याला कुठपर्यंत माहीत आहे, ते मी तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आधी उणिवेबद्दल बोलू. आपल्याकडे ‘मला थायरॉइड आहे’ असं म्हणायची पद्धत पडली आहे. थायरॉइड सगळ्यांनाच असते. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, फुलपाखराच्या आकाराची, पंधरा-वीस ग्रॅमची ती एक ग्रंथी. शाळेच्या पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. रक्तातलं आयोडीन टिपून ती थायरॉक्सिन नावाचं संप्रेरक बनवते. या रेणूवर आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणायचं. शरीरातल्या पेशी त्यातला एक अणू काढून टी-३ बनवतात आणि खरं काम तो करतो. हृदयाचे ठोके, आतड्याची हालचाल, अंगातली ऊब, मेंदूची तरतरी या सगळ्यांवर त्याचा हात असतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातल्या या संप्रेरकावर नजर ठेवून असते. ते कमी पडलं की ती टीएसएच सोडते. टीएसएच म्हणजे थायरॉइडला पाठवलेला ‘काम वाढव’ असा निरोप. ग्रंथी थकलेली असेल तर निरोपांचा तगादा वाढत जातो. रिपोर्टमध्ये टीएसएचचा आकडा चढलेला दिसतो तो यामुळे.

ही उणीव भरायला किती औषध लागतं? ज्याची ग्रंथी जवळजवळ बंद पडली आहे अशा माणसाला किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १०० मायक्रोग्रॅम. एका ग्रॅममध्ये अशा १०,००० मात्रा बसतात. चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढं, एक ग्रॅम थायरॉक्सिन एका माणसाला २७ वर्षं पुरतं. आपल्या हातातल्या गोळीत बाकी सगळं भरण असतं, औषध डोळ्यांना दिसणारही नाही इतकंच असतं.

१८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरानं मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचायला सुरुवात केली. ती बाई सुजलेली, गारठलेली, मंदावलेली होती. ती उठली, हिंडूफिरू लागली आणि त्यानंतर २८ वर्षं जगली. १९१४ साली नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉलनं थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे काढले. १९२७ साली हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. उणीव भरायची विद्या अशी हाताशी आली. पण ग्रंथी मुळात आटते का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्या प्रश्नाची पहिली खूण १९१२ साली जपानमध्ये सापडली होती. फुकुओका इथल्या शल्यचिकित्सा विभागात हाकारू हाशिमोतो नावाचा तिशीतला डॉक्टर काम करत होता. गलगंडासाठी शस्त्रक्रिया झालेल्या चार स्त्रियांच्या ग्रंथींचे काप त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. विद्यार्थ्यांना मी हा काप अजूनही आवर्जून दाखवतो, कारण एकदा पाहिला की विसरता येत नाही. निरोगी थायरॉइडचा काप पाहिला तर गुलाबी द्रवानं भरलेल्या गोल गोल कोठ्या दिसतात. प्रत्येक कोठीला पेशींची एकेरी भिंत असते, जुन्या वाड्याच्या चौकाभोवती ओळीनं खोल्या असाव्यात तशी. हाशिमोतोच्या कापात हे चौक मोडलेले होते. सगळीकडे गडद निळ्या ठिपक्यांची दाटी. हे ठिपके म्हणजे लसिकापेशी. काही ठिकाणी त्यांनी इतका मुक्काम ठोकला होता की काखेतली किंवा जांघेतली लसिकाग्रंथीच थायरॉइडमध्ये येऊन वसली असं वाटावं. मधूनमधून उरलेल्या कोठ्या आक्रसलेल्या, त्यांच्या भिंतीतल्या पेशी फुगलेल्या, आणि आजूबाजूला तंतूंचे पांढुरके पट्टे. त्यानं हे सगळं जर्मन भाषेत लिहून प्रसिद्ध केलं. पुढे तो आपल्या गावी परतला, गावचा डॉक्टर म्हणून राहिला आणि १९३४ साली विषमज्वरानं गेला. आज जगभरातल्या रिपोर्टांवर त्याचं नाव छापलं जातं. एका गावच्या डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ बोलताना दुसऱ्या गावच्या या डॉक्टराचं स्मरण करावं असं मला मनापासून वाटलं.

लसिकापेशी तिथे का जमल्या, याचा उलगडा व्हायला १९५६ साल उजाडलं. शरीर स्वतःच्याच अवयवाविरुद्ध उठणं शक्य नाही, असं तोवर बहुतेकांचं मत होतं. त्या वर्षी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोतोच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडमधल्याच प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड दाखवले. त्याच वर्षी अमेरिकेत बफेलो इथे नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉइडचा अर्क टोचला, तर त्या सशांच्या थायरॉइडमध्ये तसाच दाह उठला. स्वयंप्रतिकार आजारांच्या शास्त्राचा पाया या दोन कामांनी घातला. आज आपण प्रामुख्यानं थायरॉइड पेरॉक्सिडेज, म्हणजे टीपीओ, या विकराविरुद्धचे प्रतिपिंड मोजतो. शिक्षिकेच्या रिपोर्टमधले १,३०० आणि ७०० हे आकडे त्यांचेच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे प्रतिपिंड ग्रंथीचे मुख्य मारेकरी नाहीत. याचा पुरावा निसर्गानंच आपल्यासमोर ठेवला आहे. गरोदर आईच्या रक्तात टीपीओचे प्रतिपिंड असतील तर ते वारेतून बाळाकडे जातात. ते मारेकरी असते तर बाळाची थायरॉइड जन्मतः मोडलेली निघाली असती. तसं होत नाही. बाळाचं रक्त काही महिन्यांत आपोआप स्वच्छ होतं. खरी तोडफोड टी-पेशी करतात. त्यांतल्या काही थेट मारतात, काही बाकीच्यांना चेतवणारी रसायनं सोडतात. बी-पेशी प्रतिपिंड बनवतात. मोनोसाइट आणि त्यांच्या भाऊबंद पेशी दाह पेटता ठेवतात. या सगळ्यांना आवरायला नियामक टी-पेशी असतात, म्हणजे चावडीवर बसून भांडण सोडवणारी वडीलधारी मंडळी म्हणा. स्पेनमधल्या मोनिका मारासुएला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की थायरॉइडच्या स्वयंप्रतिकार आजारांत या नियामक पेशी संख्येनं कमी नसतात, उलट जास्तच असतात, पण त्यांचा वचक राहत नाही. वडीलधारे हजर आहेत, पण त्यांचं कुणी ऐकत नाही. ज्या घरात हे घडलेलं आपण पाहिलं आहे, त्या घराची अवस्था डोळ्यांपुढे आणा.

मग या घरात थायरॉक्सिनची गोळी गेल्यावर काय होतं?

पहिली गोष्ट तर्कानं कळते. गोळीनं रक्तातलं संप्रेरक भरून निघतं आणि पीयूषिका ग्रंथीचा तगादा थांबतो. टीएसएच खाली येतं. टीएसएच हा फक्त कामाचा निरोप नाही. त्याच्या जोरावरच थायरॉइडच्या पेशी टीपीओ बनवतात. म्हणजे प्रतिकारपेशींना जे प्रथिन खुपतं, तेच टीएसएचमुळे अधिक प्रमाणात तयार होऊन त्यांच्यासमोर येतं. शिवाय दाहाच्या रसायनांमुळे थायरॉइडच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एक खास खूण मिरवू लागतात, आणि त्या खुणेच्या आधारानं टी-पेशींना आपली प्रथिनं दाखवू लागतात. टीएसएचचा जोर असेल तर ही खूण आणखी ठळक होते, असं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर दिसलं आहे. ज्याच्यावर राग आहे तोच रोज अंगणात येऊन उभा राहत असेल, तर भांडण धुमसत राहणारच. गोळी त्याला घरात बसवते. ग्रंथीला विसावा मिळतो आणि रागाचं निमित्त कमी होतं.

आता पुरावे बघू. दाह आपोआप होणारी प्रयोगशाळेतल्या उंदरांची एक जात आहे, बीबी नावाची. त्यांना थायरॉक्सिन दिल्यावर ग्रंथिदाहाचं प्रमाण घटलं, असं १९८८ साली अमेरिकेत दिसलं. २००१ साली जर्मनीतल्या एका गटानं २१ रुग्ण निवडले. त्यांना हाशिमोतोचा आजार होता, पण संप्रेरकाची पातळी अजून बिघडलेली नव्हती. साधारण निम्म्यांना वर्षभर थायरॉक्सिन दिलं, बाकीच्यांना दिलं नाही. वर्षाअखेर औषध घेणाऱ्यांमध्ये टीपीओचे प्रतिपिंड आणि बी-पेशी, दोन्ही घटले होते. न घेणाऱ्यांमध्ये तसं झालं नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोळी घेणाऱ्या ३८ रुग्णांचे प्रतिपिंड सरासरी ५० महिने मोजत राहिले. पहिल्या तीन महिन्यांत ते जेमतेम ८ टक्क्यांनी उतरले, वर्षात ४५ टक्क्यांनी, पाच वर्षांत ७० टक्क्यांनी. शिक्षिकेचा आकडा १,३०० वरून ७०० वर आला तो याच चालीनं. पण ३८ पैकी फक्त ६ जणांचे प्रतिपिंड पूर्ण नाहीसे झाले, म्हणजे सुमारे १६ टक्के. उरलेल्यांचं भांडण मंदावलं, मिटलं नाही.

पेशींच्या जवळ जाऊन पाहायचं तर पोलंडमधल्या काटोविस शहरातलं काम घ्यावं लागेल. रॉबर्ट क्रिसियाक आणि बोगुस्वाव ओकोपिएन यांनी हाशिमोतोचं नव्यानं निदान झालेल्या १७० स्त्रिया घेतल्या. कुणाला थायरॉक्सिन, कुणाला सेलेनियम, कुणाला दोन्ही, कुणाला निव्वळ कोरी गोळी, असं सहा महिने दिलं. मग रक्तातल्या पेशी बाहेर काढून त्या दाहाची रसायनं किती सोडतात ते मोजलं. आजार असलेल्या स्त्रियांच्या पेशी सुरुवातीला निरोगी स्त्रियांच्या पेशींपेक्षा जास्त रसायनं सोडत होत्या. थायरॉक्सिननं मुख्यतः मोनोसाइट शांत झाले. सेलेनियमनं मुख्यतः लसिकापेशी शांत झाल्या. दोन्ही मिळून परिणाम अधिक झाला. हे काम २०११ साली छापून आलं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं की आपण ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द एकवचनी वापरतो, पण आत अनेक जातींच्या पेशी आहेत आणि एकच औषध सगळ्यांशी सारखं वागत नाही. एकाच केंद्रातल्या, सहाच महिन्यांच्या अभ्यासावरून मी कुणाला सेलेनियम लिहून देत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

आता दुसरी बाजू. थायरॉइडच्या संप्रेरकाला ओळखणारे ग्राहक शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींत असतात, प्रतिकारपेशींतही असतात. अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरातल्या संशोधकांनी उंदरांच्या डेंड्रायटिक पेशींना टी-३ दिलं. डेंड्रायटिक पेशी म्हणजे शत्रूचा तुकडा उचलून टी-पेशींना दाखवणाऱ्या हेरपेशी. टी-३ मिळाल्यावर त्या झोपल्या नाहीत, उलट जाग्या झाल्या, परिपक्व झाल्या आणि टी-पेशींना चेतवणारं रसायन सोडू लागल्या. म्हणजे गोळीचे दोन हात आहेत. एका हातानं ती टीएसएच उतरवून भांडणाचं निमित्त कमी करते. दुसऱ्या हातानं संप्रेरक प्रतिकारपेशींना त्यांची स्वाभाविक तरतरी परत देतं. थायरॉक्सिन ही प्रतिकारशक्ती दडपणारी गोळी नाही. कोविडच्या काळात अनेक पेशंट घाबरून फोन करायचे, ‘मला थायरॉइड आहे, माझी शक्ती कमी आहे का, गोळी बंद करू का?’ त्यांना मी तेव्हा जे सांगितलं तेच आज सांगतो : गोळी नियमित घेतलीत तर तुमच्या पेशी इतर कुणाच्याही पेशींइतक्याच जाग्या असतात.

एवढं ऐकल्यावर उत्साह वाटणं साहजिक आहे. मलाही वाटला होता, आणि त्या उत्साहाला आवर घालणारी एक हकीकत सांगणं माझं कर्तव्य आहे. ग्रेव्हज हा हाशिमोतोचा उलटा भाऊ. त्यात प्रतिपिंड थायरॉइडला चाबकानं हाकतात आणि ती बेफाम संप्रेरक बनवत सुटते. १९९१ साली जपानमधल्या मात्सुमोतोच्या हाशिझुमे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या औषधाबरोबर थायरॉक्सिन जोडून दिलं. तर्क तोच, ग्रंथीला विसावा द्या. तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण थायरॉक्सिन घेणाऱ्यांत १.७ टक्के निघालं आणि न घेणाऱ्यांत ३४.७ टक्के. जगभरच्या डॉक्टरांना वाटलं, मार्ग सापडला. पाच वर्षांनी स्कॉटलंडमध्ये एडिंबरा इथे मॅकआयव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १११ रुग्णांवर तोच प्रयोग केला. काहीच फरक दिसला नाही. सुंदर तर्क आणि एक चमकदार निकाल, एवढ्यावर उपचार उभा करायचा नसतो. तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या माणसांवर, दुसऱ्यांच्या हातून पुन्हा उभा राहावा लागतो.

हीच कसोटी हाशिमोतोच्या आकड्यांनाही लावायला हवी. त्या ३८ जणांच्या अभ्यासात गोळी न घेणारा गट नव्हता. आजाराच्या ओघात कोठ्या मोडत जातात, त्यांच्या जागी तंतू येतात, आणि चिडवणारं प्रथिनच कमी उरतं. अशा वेळी प्रतिपिंड आपसूक उतरू शकतात. मग उतरण्यातलं श्रेय गोळीचं किती आणि ओसरत गेलेल्या ग्रंथीचं किती, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी २०१९ साली या शंकेच्या मुळाशी हात घातला. संप्रेरकाची पातळी ठीक असूनही सतत थकवा असलेले आणि टीपीओचे प्रतिपिंड १,००० च्या वर असलेले १५० रुग्ण त्यांनी घेतले. काहींची पूर्ण थायरॉइड काढली, बाकीच्यांना गोळीच चालू ठेवली. दीड वर्षात थायरॉइड काढलेल्यांच्या प्रतिपिंडांचा मध्यक २,२३२ वरून १५२ वर आला, आणि त्यांचा थकवाही कमी झाला. निमित्तच काढून घेतल्यावर भांडणाचा जोर ओसरला, ही गोष्ट यातून स्पष्ट झाली. पण आवाजाच्या नसेला आणि शेजारच्या कॅल्शियमच्या ग्रंथींना इजा होण्याचा धोका पत्करून सगळ्यांच्याच थायरॉइड काढायच्या नसतात. आपल्यासाठी यातला बोध एवढाच की गोळीनं भांडणाचा जो भाग निवतो, तो बहुधा निमित्त कमी झाल्यामुळे निवतो.

आणि आकडा उतरल्यानं माणसाचं भलं होतं का, हा शेवटचा आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. ब्रिटनमधल्या ४९ रुग्णालयांनी मिळून त्याची परीक्षा घेतली. गर्भपात झालेल्या किंवा मूल न होणाऱ्या ९५२ स्त्रिया, थायरॉइडचं काम उत्तम, पण टीपीओचे प्रतिपिंड आहेत. अर्ध्या जणींना गर्भधारणेच्या आधीपासून ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन, अर्ध्या जणींना कोरी गोळी. जिवंत बाळ हाती आलेल्यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३७.४ टक्के, न घेणाऱ्यांत ३७.९ टक्के. हा निकालही २०१९ सालचा. ज्या बाईचं टीएसएच चढलेलं आहे, तिला गरोदरपणात थायरॉक्सिन अत्यावश्यक आहे, त्यात तडजोड नाही. पण ज्यांची उणीव नाही, त्यांना केवळ प्रतिपिंड आहेत म्हणून गोळी दिल्यानं पदरात काही पडलं नाही.

हा प्रश्न आपल्या घरचाही आहे, हेही बोलायला हवं. देशातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली, तिचे निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्या आठांत मुंबई होती आणि गोवाही होता. १०.९५ टक्के लोकांना थायरॉइडची उणीव होती. टीपीओचे प्रतिपिंड मात्र २१.८५ टक्के लोकांत सापडले. म्हणजे या सभागृहात शंभर माणसं असतील, तर त्यांतल्या वीसएक जणांच्या रक्तात हे प्रतिपिंड असू शकतात आणि त्यांतल्या अनेकांना आयुष्यभर गोळी लागणारही नाही. त्यांना ‘तुमच्या शरीरात युद्ध पेटलं आहे’ असं सांगून घाबरवणं हा अन्याय आहे. आणि तो अन्याय मी स्वतः केला आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दर तीन महिन्यांनी प्रतिपिंड तपासायला सांगत असे. आकडा पन्नासनं वाढला की पेशंट रडवेला होई, कमी झाला की पेढे घेऊन येई. त्या आकड्यावरून मी औषधाच्या मात्रेत एकदाही काही बदललं नाही, मग तपासायला का सांगत होतो? त्या पैशांत पेशंटनं मुलाच्या वह्या घेतल्या असत्या. आता मी ही तपासणी निदानाच्या वेळी एकदा करायला सांगतो. त्यानंतर जवळजवळ कधीच नाही. मात्रा टीएसएच ठरवतं, पेशंटचं अंग ठरवतं.

ते टीएसएच ताळ्यावर राहावं म्हणून काय करायचं, ते साधं आहे, पण रोजचं आहे. सकाळी उठल्यावर, उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी. चहा-कॉफी अर्ध्या-एक तासानं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या या गोळीपासून चार तास दूर, कारण त्या तिला आतड्यातच धरून ठेवतात. बाळंतिणींना हे मी दोनदा सांगतो, त्यांच्या पिशवीत तिन्ही गोळ्या एकत्र असतात. थायरॉक्सिनचं अर्धं आयुष्य सुमारे सात दिवसांचं आहे. म्हणून एक दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही, आणि मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा आठवड्यांनी तपासायचं, आठवड्यानं नाही. प्रतिपिंड खाली आणायच्या नादात मात्रा वाढवत नेऊ नये. जादा थायरॉक्सिननं म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाची लय बिघडते. भांडण निववायच्या प्रयत्नात घराला आग लावण्यासारखं ते होईल.

त्या शिक्षिकेला मी दारातून परत बोलावलं. माझं उत्तर ऐकून घ्यायला ती खुर्चीत बसली नाही, पर्स छातीशी धरून उभीच राहिली. मी तिला सांगितलं : ताई, गोळी उणीव पुरती भरते, याबद्दल मनात शंका ठेवू नका. भांडणाचा जोरही ती थोडा कमी करत असावी, कारण ज्यावरून भांडण आहे त्या ग्रंथीला ती विसावा देते. पण भांडण मिटवणारं औषध आज माझ्याकडे नाही. तुमच्या रक्तातल्या नियामक पेशींचा वचक परत आणणारं काहीतरी उद्या कुणीतरी शोधेल. तोवर तुमचा ७०० चा आकडा ५०० झाला काय किंवा ९०० झाला काय, तुमच्या तब्येतीचा हिशेब त्यावरून मांडायचा नाही. दुपारच्या वर्गात आता झोप येते का, एवढं मला सांगा.

ती म्हणाली, येत नाही. आणि मग थोडं थांबून, खालच्या आवाजात म्हणाली, मुलं परत प्रश्न विचारायला लागली आहेत.

डॉक्टरबाईंच्या सवयीप्रमाणे मी तिचा दाराशी विचारलेला प्रश्न त्या दिवशी वहीत लिहिला. त्याखाली, उत्तराच्या जागी, तिचं हे शेवटचं वाक्य लिहिलं.